घरात आलेलं एक्स्चेंज

फायबरची जोडणी घेतलेल्या घरात दाराजवळ किंवा टीव्हीमागे एक खोकं बसवलेलं असतं. कंपनीची माणसं त्याला ओएनटी म्हणतात, घरातले सगळे नुसतं 'राउटर' म्हणतात. ते उलटं करून पाहिलं तर हिरव्या टोकाची काचतंतूची बारीक तार आत गेलेली दिसते, शेजारी लॅनची दोन-चार भोकं असतात आणि कोपऱ्यात त्यांच्याहून जरा अरुंद असं एक भोक असतं. त्यावर 'फोन', 'टेल' किंवा 'पॉट्स' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. बसवायला आलेला मुलगा वायफायचा पासवर्ड सांगतो, स्पीड दाखवतो आणि निघतो. त्या भोकाविषयी तो बोलत नाही, आपणही विचारत नाही. पुष्कळ घरांत प्लॅनच्या पैशांतच लँडलाइनचा नंबरही आलेला असतो आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो.

माळ्यावर टाकलेला जुना फोन उतरवून त्याची वायर त्या अरुंद भोकात खोचली आणि कंपनीने नंबर सुरू केलेला असला, तर रिसीव्हर उचलताच तोच ओळखीचा डायल टोन ऐकू येतो. (वायर लॅनच्या भोकातही सैलसर बसते, आणि मग फोन डेड आहे असं वाटून लोक तो पुन्हा माळ्यावर टाकतात. अरुंद भोक शोधायचं.) फोन तोच, वायर तीच, आवाजही तोच. फक्त तो टोन आता पोस्टाशेजारच्या एक्स्चेंजमधून येत नाही, भिंतीवरच्या खोक्यातच तयार होतो.

ज्यांच्या खोक्याला असं भोक नसतं त्यांच्यासाठी वेगळा ॲडॉप्टर मिळतो. पत्त्यांच्या कॅटएवढी डबी, एका बाजूला लॅनची केबल, दुसऱ्या बाजूला फोनची वायर. काम दोन्हींचं एकच. साध्या फोनला इंटरनेट कळत नाही आणि कळावं अशी त्याची रचनाही नाही. त्यामुळे फोनमध्ये काहीच बदलायचं नसतं; गावातलं एक्स्चेंज उचलून घरात आणायचं असतं. एक्स्चेंज घरात आलं की त्याची कामंही घरमालकाच्या गळ्यात येतात. पहिली गोष्ट जाहिरातीत असते, दुसरी नसते.

एक्स्चेंज नेमकं काय काय करायचं, ते आधी पाहू. तांब्याच्या दोन तारांवर ते सतत ४८ व्होल्टचा दाब ठेवायचं, तोही उणे ४८. बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं असायचं, कारण उलट केलं तर जमिनीखालच्या केबलचं तांबं ओलाव्यात लवकर झिजतं. रिसीव्हर खाली ठेवलेला असला की फोनमधलं सर्किट तुटलेलं असतं, तारांतून काहीच वाहत नाही. रिसीव्हर उचलला की सर्किट पुरं होतं, वीस-तीस मिलीअँपिअरचा प्रवाह सुरू होतो आणि तेवढ्यावरून एक्स्चेंजला कळतं की अमुक घरी कुणीतरी फोन उचलला. मग ते टोन पाठवतं. बोलण्यासाठी लागणारी वीजही त्याच तारांतून यायची. म्हणून जुन्या फोनला ना सेल होता, ना प्लग.

घंटी वाजवायची तर वेगळीच वीज लागते. आपल्याकडे सुमारे ७५ व्होल्ट, सेकंदाला २५ वेळा उलटसुलट होणारी. जुने लाइनमन वायरचं टोक दातांनी सोलत असताना नेमकी रिंग आली तर काय होतं, ते रंगवून सांगतात. हसण्यावारी नेण्यासारखं ते नसतं. आता हे ७५ व्होल्ट खोक्यातलं बोटाच्या नखाएवढं सर्किट १२ व्होल्टच्या चार्जरवरून तयार करतं. घंटीची लयही तेच ठरवतं. आपली घंटी ०.४ सेकंद वाजते, ०.२ सेकंद थांबते, पुन्हा ०.४ सेकंद वाजते आणि मग २ सेकंद गप्प बसते. ही ट्रिंग-ट्रिंग ब्रिटिश पद्धतीची. अमेरिकेत एकच लांबलचक घंटी २ सेकंद वाजते आणि मग ४ सेकंद शांतता. अमेरिकेहून आणलेला ॲडॉप्टर पुण्याच्या घरात लावला तर सदाशिव पेठेतला फोनही अमेरिकन चालीवर वाजतो. देशाचं सेटिंग बदलेपर्यंत त्या खोक्याच्या लेखी तो अमेरिकेतच असतो. हा मुद्दा पुढे जरा गंभीर होतो.

आता एक कॉल घेऊ. नाशिकच्या आजींनी रिसीव्हर उचलला. खोक्याने प्रवाह ओळखला आणि ४०० हर्ट्झचा थोडा थरथरता टोन कानावर घातला. आजींनी बटणं दाबली. प्रत्येक बटण दोन सूर एकदम वाजवतं. उदाहरणार्थ, ५ म्हणजे ७७० आणि १,३३६ हर्ट्झ. असे दोन सूर एकाच क्षणी माणसाच्या गळ्यातून निघत नाहीत, म्हणून बोलण्यातला आवाज चुकून बटण समजला जाण्याची भीती कमी. खोकं सूर ऐकून आकडे जमा करत जातं.

इथे जुन्या आणि नव्या एक्स्चेंजमधला एक फरक कानाला जाणवतो. नंबर लावून झाल्यावर चार-पाच सेकंद काहीच होत नाही. लोक समजतात कॉल लागला नाही, ठेवून देतात, पुन्हा लावतात. खोकं खरं तर वाट पाहत असतं. जुनं यांत्रिक एक्स्चेंज प्रत्येक आकड्याबरोबर एकेक पायरी पुढे सरकायचं. खोक्याला मात्र पूर्ण नंबर एकदम हवा असतो आणि तो पूर्ण झाला की अजून एखादा आकडा यायचाय, हे त्याला दरवेळी ठरवता येत नाही. बऱ्याच खोक्यांत शेवटी # दाबलं की थांबणं संपतं आणि कॉल ताबडतोब निघतो. आपल्याकडे लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० लावावा लागतो, १५ जानेवारी २०२१ पासून. तोही विसरायचा नाही.

नंबर पुरा झाला की खोकं कंपनीच्या सर्व्हरला एक लेखी निरोप धाडतं: या नंबरवरून त्या नंबरला बोलायचंय, माझा पत्ता हा, मला आवाजाच्या या या पद्धती येतात. पलीकडून आधी 'प्रयत्न चालू आहे', मग 'घंटी वाजतेय', मग उचलल्यावर 'ठीक' असे निरोप येतात. हे सगळं अक्षरशः वाचता येईल अशा मजकुरात चालतं. या बोलीला सिप म्हणतात. कोलंबिया विद्यापीठातले हेनिंग शुल्झरिन आणि त्यांचे सहकारी तिच्या मागे होते. १९९९ मध्ये तिचा पहिला मानक मसुदा आला आणि २००२ मध्ये आजही वापरात असलेला. वेबपानं मागवताना ब्राउझर जसे निरोप पाठवतो, त्याच धर्तीवर हे निरोप बेतले आहेत. टेलिफोनवाल्यांनी नव्हे, संगणकवाल्यांनी केलेली ही रचना आहे, हे तिच्या साधेपणावरून ओळखू येतं.

एकदा 'ठीक' आलं की निरोप्याचं काम संपलं. आवाज स्वतंत्र वाटेने जातो. आजींचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहिलं जातं. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. आवाज असा आकड्यांत लिहिण्याची कल्पना १९३७ सालची, पॅरिसमध्ये काम करणारे इंग्रज इंजिनिअर अलेक रीव्ह्ज यांची; तेव्हा ती परवडेल अशी यंत्रं नव्हती. हे आकडे २० मिलीसेकंदांच्या तुकड्यांत बांधले जातात. एका तुकड्यात आवाजाचे १६० बाइट आणि त्यावर पत्त्याबित्त्याचे ४० बाइट. असे सेकंदाला ५० तुकडे, दोन्ही दिशांना. हिशेब केला तर एका बाजूचे ८० किलोबिट होतात. १०० एमबीपीएसच्या जोडणीचा हा हजारावा हिस्सादेखील नाही. फोनवर खरखर होते म्हणून जास्त स्पीडचा प्लॅन घ्या, असं कुणी सुचवलं तर त्याच्याकडे जरा संशयाने पाहावं.

८,००० मोजमापांतून ४,००० हर्ट्झच्या वरचा आवाज उरत नाही. प्रत्यक्षात टेलिफोन ३०० ते ३,४०० एवढ्यावरच भागवत आला आहे. 'स' आणि 'फ' यांच्यातला फरक बराचसा त्याच्या वर असतो. म्हणून फोनवर 'फडके' सांगितलं तर पलीकडचा 'सडके' लिहितो. इंटरनेटवरून याच्या दुप्पट पट्टा सहज जातो, आणि मोबाइलवर किंवा व्हॉट्सअॅपवर तो फरक कळतोही. पण मागच्या भोकात लावलेल्या साध्या फोनला तो लाभ बहुधा मिळत नाही. त्याच्या बाजूचं सगळं जुन्या पट्ट्यासाठीच बांधलेलं असतं.

स्पीडचा प्रश्न नसतो, प्रश्न नियमितपणाचा असतो. सेकंदाला ५० तुकडे निघतात, पण ते ठरल्या अंतराने पोचतील याची हमी इंटरनेट देत नाही. दोन पाठोपाठ येतात, तिसरा उशिरा, चौथा येतच नाही. यावर इलाज गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखा आहे. महापालिकेचं पाणी कधी जोरात येतं, कधी थेंब थेंब; टाकीत साठवून सोडलं की घरातला नळ एकसारखा वाहतो. पलीकडचं खोकं थोडे तुकडे साठवतं आणि मग एका चालीत कानात सोडतं. टाकी लहान असली तर आवाज तुटतो. मोठी केली तर तुटत नाही, पण बोलणं उशिरा पोचतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे तोंडापासून कानापर्यंत १५० मिलीसेकंदांच्या आत पोचलं तर माणसाला उशीर जाणवत नाही. त्यापुढे दोघं एकमेकांच्या बोलण्यावर आदळायला लागतात.

हे आदळणं आपल्याकडच्या जुन्या पिढीला नवं नाही. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला १९७१ साली उपग्रह भूकेंद्र सुरू झालं, पुढे त्याला विक्रम साराभाईंचं नाव दिलं गेलं. परदेशी फोन या मार्गाने जायचे तेव्हा आवाज ३६,००० किलोमीटर वर चढून तेवढाच खाली उतरायचा आणि एका दिशेला पाव सेकंद खायचा. 'कसा आहेस' म्हटल्यावर पलीकडून काहीच येत नाही असं वाटून आपण पुन्हा 'हॅलो' म्हणायचो, आणि तोवर 'बरा आहे' येऊन त्या हॅलोवर पडायचं. समुद्राखालच्या काचतंतूंनी ते संपवलं. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो; मुंबई ते न्यूयॉर्क वळणावळणाने गेलं तरी शंभर मिलीसेकंदांच्या आसपास काम होतं. म्हणजे दीडशेपैकी शंभर वाटेतच जातात, आणि टाकीसाठी उरतात पन्नास. परदेशी कॉल गावातल्या कॉलपेक्षा नाजूक का, याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

आपलाच आवाज परत ऐकू येण्याची तक्रारही इथलीच. साध्या फोनच्या दोनच तारांवरून जाणारं आणि येणारं बोलणं एकत्र चालतं. ती दोन वेगळी करणारा भाग शंभर टक्के काम करत नाही, थोडं येणारं बोलणं जाणाऱ्यात झिरपतं. गावातल्या गावात ते इतक्या लवकर परत यायचं की कळायचंच नाही. उशीर वाढला की तोच झिरपा प्रतिध्वनी होतो. गंमत अशी की तुम्हाला तुमचा आवाज परत ऐकू येत असेल तर दोष बहुधा समोरच्याच्या खोक्यात किंवा फोनमध्ये असतो. त्याला मात्र सगळं स्वच्छ ऐकू येत असतं. आपलं खोकं बदलून उपयोग होत नाही, आणि दुरुस्ती कुणी करायची यावर दोन घरांत वाद होतो.

आणखी एक नेहमीचं दुखणं म्हणजे बँकेचा फोन. 'मराठीसाठी १ दाबा' असं म्हणतात, आपण दाबतो, काही होत नाही. किंवा एकदा दाबलेलं दोनदा मोजलं जातं. आवाज दाबून लहान करणाऱ्या पद्धती माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेल्या असतात. बटणाचे दोन सूर त्यांतून वाकडे होऊन जातात. म्हणून शहाणी खोकी बटण ओळखून त्याचा सूर न पाठवता '१ दाबला' असा निरोपच पाठवतात. दोन टोकांची ही पद्धत जुळली नाही की असा घोळ होतो. सेटिंगचा प्रश्न आहे, बोटाचा नाही. फॅक्सचंही असंच, कुणाकडे अजून फॅक्स असलाच, तर त्याने खोक्यावर फार भरवसा ठेवू नये.

आवाजाचे तुकडे करून नेटवर्कवरून पाठवण्याचा प्रयोग तसा जुना आहे. १९७४ मध्ये डॅनी कोहेन यांच्या रचनेवरून, इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या नेटवर्कवर, कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समध्ये असं बोलणं झालं होतं. १९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीने घरच्या संगणकावरून बोलण्याचं सॉफ्टवेअर विकायला काढलं. पण कानाला हेडफोन लावून संगणकापुढे बसून बोलणं हौशी माणसांनाच जमायचं. फरक पडला तो साधा फोन जोडता येऊ लागला तेव्हा. २००० साली सिस्कोने कोमोडो नावाची एक लहान कंपनी घेतली. तिच्या डबीतून सिस्कोचा एटीए १८६ आला, आणि २००२ मध्ये सुरू झालेल्या व्होनेज या इंटरनेट फोन कंपनीने तीच डबी अमेरिकन घरांत पोचवली. नंबर, घंटी, टोन सगळं नेहमीचं, फक्त तार टेलिफोन कंपनीची नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांत या डब्या का शिरल्या हे समजायला त्याआधीची कॉलिंग कार्डं आठवावी लागतात. किराणा दुकानातून पाच डॉलरचं कार्ड घ्यायचं, खरवडायचं, आधी एक लांब नंबर, मग पिन, मग घरचा नंबर, आणि मिनिटं उरली किती ते एक बाई मधेच सांगायची. ऑगस्ट २००९ मध्ये व्होनेजने महिना २४.९९ डॉलरमध्ये साठेक देशांना हवं तितकं बोलण्याची योजना आणली आणि त्या देशांत भारत होता. मिनिटं मोजणं थांबलं की बोलण्याची तऱ्हाच बदलते. पोळ्या लाटता लाटता फोन कानाशी धरून ठेवणं हे हिशेब सुटल्यावरचं बोलणं.

काहींनी याहून पुढची शक्कल लढवली. डबीच सुटकेसमध्ये घालून आईवडिलांकडे आणली आणि पुण्याच्या ब्रॉडबँडला लावली. नंबर न्यू जर्सीचा, फोन कोथरूडमध्ये. डबीला ती कुठे आहे हे कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. इंटरनेट मिळालं, तिने सर्व्हरकडे हजेरी लावली, काम झालं. जुन्या एक्स्चेंजला मात्र प्रत्येक तार कुठल्या घरात जाते हे माहीत असायचं, आणि ती माहिती आपण कधी मागितली नाही म्हणून फुकटची वाटत राहिली. कोथरूडच्या त्या फोनवरून कुणी अमेरिकेच्या सवयीने ९११ लावला, तर रुग्णवाहिका कंपनीकडे नोंदवलेल्या न्यू जर्सीच्या पत्त्यावर जाईल. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २००५ मध्ये असा पत्ता नोंदवणं आणि ९११ जोडून देणं इंटरनेट फोन कंपन्यांवर बंधनकारक केलं. पण पत्ता बदलल्यावर तो कळवायचा ग्राहकानेच. घर बदललं की गॅस, रेशन आणि बँक आठवते. फोनला आपला पत्ता सांगायचा असतो हे कुणाच्या मनातही येत नाही.

भारतात हा सगळा मामला बराच काळ कुंपणात होता. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली. संगणकावरून परदेशातल्या फोनला बोलता येत होतं. पण इथल्या इंटरनेटवरून इथल्याच साध्या फोनवर कॉल नेणं बंद होतं. कारण उघड होतं: एसटीडीच्या उत्पन्नावर पाणी पडलं असतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने शिफारस केली आणि २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना नंबरसकट अशी सेवा द्यायला वाट मोकळी झाली. त्याच वर्षी बीएसएनएलने 'विंग्ज' नावाने ती जाहीर केली. तोवर मोबाइलवरच एसटीडीचे दर इतके खाली आले होते की ज्यासाठी कुंपण घातलं ते राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. एक गोष्ट मात्र आजही गुन्हाच आहे: इंटरनेटवरून आलेले परदेशी कॉल आपल्याकडच्या लँडलाइनमध्ये किंवा सिमकार्डांच्या पेटीत वळवून पुढे स्थानिक म्हणून सोडणं. पोलीस छापा घालतात तेव्हा बातमीत 'बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज' असं छापून येतं, आणि तांत्रिक अर्थानेही ते बरोबर असतं. भिवंडीच्या एखाद्या खोलीत मावेल एवढं एक्स्चेंज आता खरंच होऊ शकतं.

फायबर कंपन्या देतात तो फोन आणि वेगळ्या डबीवरचा फोन यांत मात्र एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. कंपनीच्या खोक्यातला आवाज सहसा आपल्या इंटरनेटमध्ये मिसळत नाही. त्याच काचतंतूतून, पण वेगळ्या राखीव वाटेने, थेट कंपनीच्या यंत्रणेत जातो. मुलगा वर सिनेमा उतरवत बसला तरी खाली आजींचं बोलणं तुटत नाही ते यामुळे. बाहेरची डबी उघड्या इंटरनेटवर चालते. तिथे राउटर मधे येतो आणि 'मला ऐकू येतं, त्यांना येत नाही' हा प्रकार घडतो. निरोप नीट पोचतात, पण डबीने स्वतःचा म्हणून घरातला १९२.१६८ वाला पत्ता दिलेला असतो आणि त्या पत्त्यावर बाहेरून आवाज येऊ शकत नाही. राउटरमधली 'सिप एएलजी' नावाची सोय हे निस्तरण्यासाठी असते, आणि बहुतेक वेळा तीच गुंता वाढवते. ती बंद करून पाहणं हा पहिला उपाय.

आता विजेचं. माझ्या मते या सगळ्या बदलातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि तिच्याविषयी सगळ्यात कमी बोललं जातं. गावाची वीज गेली तरी जुना फोन चालायचा, कारण एक्स्चेंजमध्ये दोन-दोन व्होल्टच्या चोवीस मोठ्या बॅटऱ्यांची रांग असायची आणि मागे डिझेलचं जनित्र. ते सांभाळायला पगारी माणसं होती. पावसाळ्यात लाइन डेड होणं हा वेगळा विषय. तिच्या आठवणींना उगाच सोन्याचा मुलामा द्यायला नको. पण विजेचा प्रश्न आपला नव्हता. आता खोक्याचा १२ व्होल्टचा चार्जर भिंतीतून निघाला की एक्स्चेंज बंद. ज्या गावांत आठवड्यातून ठरलेल्या दिवशी वीज जातेच, तिथे फोन हवा असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लागतो. खोकं दहा-पंधरा वॅट खातं, तेव्हा तो काही तास सहज खेचतो. पण आधी एक चौकशी करावी. कंपनीच्या मुख्य केंद्रापासून घरापर्यंत नुसती काच असेल तर मधे विजेची गरज नसते. वाटेतले फाटेही विजेविना चालतात. स्थानिक केबलवाल्याने जिन्याखाली स्विचची पेटी ठेवून तिथून पुढे लॅनची तार आणली असेल, तर सोसायटीची वीज गेल्यावर ती पेटी मरते आणि आपल्या घरातला यूपीएस रिकामाच दिवे लावत बसतो. कॉर्डलेस फोन असेल तर त्याच्या बैठकीलाही वीज लागते, हे तिसरं.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न थेट जिवावर आला. तिथे तांब्याच्या तारांवरची जुनी सेवा पूर्ण बंद करायचं ठरलं आहे. आधी डिसेंबर २०२५ ची मुदत होती, ती जानेवारी २०२७ च्या अखेरीपर्यंत पुढे गेली. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यात तिथे एक बटण असतं. पडलं-झडलं तर ते दाबायचं, घरातल्या फोनच्या तारेवरून मदत केंद्राला कळतं. फोन खोक्यावर गेल्यावर काहींची ही बटणं चालेनाशी झाली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कंपन्यांना अशा ग्राहकांची सक्तीची बदली थांबवायला लावली. वीज गेल्यावर, मोबाइल नसलेल्या गरजू घरातून निदान तासभर तरी आपत्कालीन कॉल लागला पाहिजे, अशी सोय कंपनीने करावी, असं तिथल्या नियामकाचं म्हणणं आहे. आपल्याकडे हा बदल सक्तीने नव्हे, गळतीने झाला. लोकांनी लँडलाइन सोडली, मोबाइल घेतला, मग फायबरबरोबर ती नकळत परत आली. त्यामुळे कुणी जाब विचारला नाही.

घरात फोन परत लावायचाच असेल तर खोक्याशेजारीच ठेवावा लागतो असं नाही. जुन्या घरात भिंतींतून फोनची वायर फिरवलेली असते, खोलीखोलीत फोन जोडायचे रोझेट असतात. खोक्याच्या भोकातून एक वायर जवळच्या रोझेटला जोडली की घरभरचे पॅरलल फोन जिवंत होतात. त्याआधी बाहेरून आलेली जुनी जोडी पहिल्या रोझेटमधून सोडवून तिची टोकं वेगवेगळी टेपने बांधायलाच हवीत. तुमच्या लेखी ती मेलेली असली तरी एक्स्चेंजकडून तिच्यावर अजून ४८ व्होल्ट येत असू शकतात, आणि एका जोडीवर दोन एक्स्चेंज चालत नाहीत. जळतं ते आपलं खोकं. सोसायटीच्या इंटरकॉमची जोडीही याच रंगांच्या तारांत दडलेली असते, तीही चुकून जोडायची नाही.

राहिला काळा, डायल फिरवायचा जड फोन. तो पुष्कळांनी शोभेला ठेवलेला असतो आणि चालेल का असं विचारतात. घंटी वाजेल, बोलणं होईल. मात्र त्याच्या घंटीची गुंडाळी बरीच ताकद मागते. खोक्याचं भोक तीन-चार, फार तर पाच साध्या फोनांचं ओझं पेलतं. काळ्याबरोबर आणखी तीन लावले तर घंटी मरतुकडी होते किंवा वाजतच नाही, अशा वेळी एखादा काढून पाहावा. नंबर लावणं हा खरा प्रश्न. डायल सूर वाजवत नाही, सेकंदाला दहाच्या वेगाने सर्किट तोडतो. ५ साठी पाच वेळा, ० साठी दहा वेळा. पुष्कळ खोक्यांना ही तोडातोड कळत नाही. काही ॲडॉप्टरांत 'पल्स' नावाचं सेटिंग असतं, ते चालू केलं की कळते. कंपनीच्या ओएनटीत ते सेटिंग असलं तरी ते आपल्या हातात नसतं. तिथे तोडणीचे सूर करून देणारी छोटी पट्टी फोन आणि खोकं यांच्या मधे लावावी लागते. आणि अशा फोनवर # नसतंच, तेव्हा शेवटचा आकडा फिरवल्यावर ते चार-पाच सेकंद थांबावंच लागतं.